भोंगा वाजल्यावर

लोक प्रवासाला जातात ते काहीतरी पाहायला. मी गेले ते काही ऐकू येऊ नये म्हणून. परत येऊन बरेच दिवस झाले, अजून अंगातला शीण गेलेला नाही, तरी हे लिहायला बसले आहे. मी कुठे गेले होते ते जो तो विचारतो, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या लोकांचा असा समज झाला आहे की मी कुठल्यातरी आश्रमात मौन पाळून आले. तसं काही झालेलं नाही. उलट इतकं बोलणं माझ्या कानावर गेल्या कित्येक महिन्यांत पडलं नव्हतं.

आधी घरचं सांगते. आम्ही पुण्यात राहतो. समोरची जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी राहते आहे, त्यामुळे सकाळपासून ड्रिल चालू असतं. मागच्या बाजूला मंगल कार्यालय आहे. आमच्या सोसायटीने एकदा 'दुपारी शांतता राखा' अशी सूचना ग्रुपवर टाकली, तर त्यावरून इतकी भांडणं झाली की दोन बिऱ्हाडांचं बोलणं अजून बंद आहे. म्हणजे तेवढी शांतता मिळाली म्हणायची.

या आवाजात माझी कादंबरी अडकली होती. ही माझी तिसरी. एका सरकारी दवाखान्यातली नर्स आहे, ती रात्रपाळीला येते आणि वॉर्डाच्या दारात उभी राहते. तिथपर्यंत मी लिहिलं आणि पुढे काही सुचेना. ती बिचारी चार वर्षं त्या दारात उभी होती. कोणी विचारलं की मी खिडकीकडे बोट दाखवायचे, "या गोंगाटात कसं लिहिणार?" लोक मान डोलवायचे. एक शैला सोडून.

शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण. माहेर तिचं सांगलीकडचं, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "पहिल्या दोन कादंबऱ्या तू कुठे लिहिल्यास? स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाहेर सासूबाईंचा टीव्ही, आत कुकर, पायाशी पोरांची मारामारी. तेव्हा नाही झाला तुला आवाज? नाचता येईना, अंगण वाकडं."

मला ते फार लागलं. कारण मलाही मधूनमधून तीच शंका यायची. म्हणून ठरवलं, एकदा खरोखर शांत ठिकाणी जायचं. तिथे जमलं तर जमलं. तिथेही नाही जमलं तर आवाजाचा दोष नाही, माझंच पाणी आटलंय असं समजायचं, कादंबरी पुसून टाकायची आणि पुन्हा लिहिण्याचा विषय काढायचा नाही. नवऱ्याला हे सांगितलं. त्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं, "बरं" म्हणाला आणि डोकं परत खाली घातलं. मुलगी बंगळूरला, मुलगा परदेशात. अडवणारं कोणी नव्हतं.

शिरवळ

पहिला चहा शिरवळला. एसटी थांबली तेव्हा कारखान्यांची पाळी सुटत होती आणि रस्ताभर दुचाक्याच दुचाक्या. चहावाल्याने कप पुढे करत विचारलं, "कुटं चाललाय, महाबळेश्वर?" मी म्हटलं, "नाही, वाईला. जरा शांतता हवी आहे." त्याच वेळी मागून एका कंटेनरने असा हॉर्न मारला की माझ्या हातातला चहा साडीवर सांडला.

तो म्हणाला, "आवं, वाई काय आता पैल्यासारखी न्हाई ऱ्हायली." मी त्याचं ऐकायला हवं होतं.

वाई

वाईत घाटाजवळ एक माडीवरची खोली मिळाली. खिडकीतून कृष्णा दिसत होती, पाणी संथ, घाटाच्या पायऱ्यांवर ऊन आणि तीनचार बायका कपडे धूत होत्या. धोपटण्याचा तेवढाच काय तो आवाज. मला वाटलं, आलं आपलं ठिकाण. संध्याकाळी गरम जेवण झालं, शेंगदाण्याची चटणी तर अशी की मी बरोबर बांधून मागितली. रात्री गाढ झोपले.

सकाळी लॅपटॉप उघडला. नर्स दारात उभी होती. तेवढ्यात खाली कोणीतरी कर्ण्यावर ओरडलं, "सायलेन्स!"

घाटावर शूटिंग आलं होतं. ट्रक, दिवे, छत्र्या, खुर्च्या. एक नटी पायऱ्यांवर बसून रडणार होती आणि ती नीट रडावी म्हणून शंभर माणसं तिथे गोळा झाली होती. प्रत्येक वेळी तो माणूस कर्णा तोंडाला लावून "सायलेन्स!" ओरडायचा, देवळावरची कबुतरं उडायची, कुत्री भुंकायची, मग कुत्र्यांना गप्प करायला आणखी दोन माणसं ओरडायची. आयुष्यात मी शांततेचा एवढा गोंगाट ऐकलेला नाही.

शेवटी मी खिडकी लावून घ्यायला उठले. जुनी लाकडी खिडकी, ती अशी काही कुरकुरली की खालचे सगळे वर बघायला लागले. दोन मिनिटांत टोपी घातलेला एक तरुण जिना चढून दारात. हात जोडून म्हणाला, "मॅडम, प्लीज. तुमच्यामुळे टेक गेला. जरा शांत बसता का?"

मला हसूही आलं नाही. मी तिथेच पलंगावर बसले आणि तो दिवसभर हलले नाही, न जाणो पलंगही कुरकुरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उचललं.

बामणोलीच्या पलीकडे

कासच्या पठारावरून गाडी पुढे उतरते ती कोयनेच्या जलाशयापाशी. फुलांचे दिवस संपले होते, पठारावर नुसतं पिवळं गवत, त्यामुळे गर्दी नव्हती. बामणोलीहून लाँचने पलीकडे गेले. लाँच मला उतरवून परत फिरली, तिचा आवाज लांब लांब जात अगदी विरला, आणि मग जे उरलं ते मी आजवर अनुभवलेलं नव्हतं.

काहीच नव्हतं. मोबाईलला रेंज नाही, रस्ता नाही, गाडी नाही. डोंगर, पाणी आणि उतारावर पाचसहा घरं. त्यातल्या पार्वतीबाईंच्या घरी एक खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली आहे. त्यांनी नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं. कालवण इतकं तिखट होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांना वाटलं मला घरची आठवण आली. पुण्यात पाहुण्याला "तिखट चालेल ना?" विचारतात. इथे विचारत नाहीत, ताटाशेजारचा तांब्या तेवढा मोठा ठेवतात.

जेवण झाल्यावर मी अंगणात, पाण्याकडे तोंड करून बसले. आता कोणतीही सबब नव्हती. एक पक्षी ओरडला आणि गप्प झाला. मी लॅपटॉप उघडला, शेवटचं वाक्य वाचलं, बोटं ठेवली.

संध्याकाळपर्यंत मी एक शब्द लिहिला आणि खोडला. दुसऱ्या दिवशी तोही लिहिला नाही. त्या शांततेत मला कानात एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, मग छातीतली धडधड, मग उगीचच वाटायला लागलं की कोणीतरी हाक मारतंय. मी दोनदा उठून मागे पाहिलं. शेवटी पार्वतीबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि विचारलं, "काही मदत करू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "करमंना व्हय? सगळ्यांचं आसंच हुतं. पैल्या दिशी म्हंत्यात सर्ग हाय सर्ग. दुसऱ्या दिशी इचारत्यात, लाँच कवा हाय?"

"लाँच कधी आहे?" मी विचारलं.

त्या मोठ्याने हसल्या. मी नाही हसले. मला भीती वाटली होती. शैलाचंच खरं ठरलं. अंगण सरळ होतं, लख्ख सारवलेलं होतं, आणि मला नाचता येत नव्हतं. लाँचमध्ये बसून परत येताना पाण्याकडे बघवेना. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपलं एकुलतं एक कसब आपल्याला सोडून गेलंय हे कळणं काही चांगलं नसतं. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढाही जोर उरला नव्हता.

सातारा स्टँड

साताऱ्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसून शैलाला फोन केला आणि सांगून टाकलं, "तुझं बरोबर होतं. मी घरी चालले आहे."

मला वाटलं ती बोलेल काहीतरी, निदान समजूत घालेल. ती म्हणाली, "घरी कशाला? ड्रिल ऐकायला? माझ्या मामेवहिनीकडे जा. कडेगावच्या अलीकडे गाव आहे. मी आत्ता फोन करून सांगते. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो."

"मला आणखी आवाज नकोय गं."

"अगं, ऐक तर. भोंगा वाजला की सगळं गाव टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवतं. पोरांनी अभ्यास करावा म्हणून. साडेआठला परत वाजेपर्यंत."

मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हटलं की ती का विचारणार, मग मी सांगणार, मग ती पुन्हा बोलणार. मला नाही म्हणायचाही कंटाळा आला. कंदी पेढ्यांचा एक पुडा घेतला आणि कराडच्या गाडीत चढले.

कडेगावच्या अलीकडे

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आणखी लेखक तिथे जाऊन पडायला नकोत.

गळिताचा हंगाम होता. कराड सोडल्यापासून रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन, वर ऊस रचलेला आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर हे एवढाले स्पीकर. एका गाण्यातून बाहेर पडावं तर दुसरं. मी मनात म्हटलं, आगीतून फुफाट्यात. मग गावाच्या फाट्यावर दिवेलागणीला उतरले. माझ्यामागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने गावात शिरण्याआधी हात वर करून गाणं बंद केलं आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजात निघून गेला. मला ते विचित्रच वाटलं.

सुनंदावहिनी फाट्यावर घ्यायला आल्या होत्या. साठीला आलेल्या, ठसठशीत, पदर कमरेला खोचलेला. माझी बॅग माझ्या हातातून ओढून घेत म्हणाल्या, "लय वाळलाय ताई. शैलावन्सं म्हणाल्या, लेखिका हाय, जपून ठेवा." त्यांचे यजमान आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते दारातच उभे होते. "राम राम. सात वाजत आल्यात. च्या पिऊन घ्या, मग गडबड न्हाई," एवढंच म्हणाले.

चहा पिऊन होतो तो भोंगा झाला. देवळाच्या बाजूने आला, लांबलचक, गिरणीच्या भोंग्यासारखा. आणि एकेका घरातून टीव्हीचे आवाज असे बंद होत गेले की मी कप हातात धरून ऐकत राहिले. आधी समोरच्या घरातल्या बातम्या, मग मागच्या घरातली जाहिरात, मग लांबचं एक गाणं. वहिनींची नात दहावीला, ती वही घेऊन आतल्या खोलीत गेली. आबांनी आपला मोबाईल बंद करून फळीवर ठेवला.

माझ्या मनाने उगीच उचल खाल्ली. बामणोलीला नाही जमलं ते इथे जमेल. मला माडीवरची खोली दिली होती. मी घाईघाईने वर गेले, लॅपटॉप उघडला आणि नर्सकडे बघत बसले. पाचेक मिनिटं झाली असतील. जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड पडलं होतं.

"ताई, भोंगा झालाय. बंद करा ते."

"अहो वहिनी, मी काही बघत नाहीये. लिहिते आहे."

"व्हय, तुमी लिवताय. पर खालनं दिसतोय तो निळा उजेड. रस्त्यानं पोरं बगत्यात. त्यास्नी काय म्हाईत तुमी काय करताय? म्हंतील, पुण्याच्या बाईचं चालू हाय, मग आमचंच का बंद?" त्या अवघडून दारातच उभ्या होत्या. "ह्या आटवड्यात गल्लीत फिरून बगायची पाळी माझी. आन् माझ्याच घरात उजेड. मला लाज वाटती बगा."

शांततेसाठी शंभर मैलांची पायपीट करून मी शेवटी जिथे पोहोचले तिथे शांततेच्याच नावाखाली माझं लिहिणं बंद करवलं गेलं होतं. वाईत खिडकी कुरकुरली म्हणून, इथे उजेड दिसला म्हणून. मी लॅपटॉप मिटला. खरं सांगू, मिटताना हायसं वाटलं. आता न लिहिण्याला पुन्हा एक सबब मिळाली होती.

मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. वहिनी गल्लीतून फिरायला निघाल्या, मीही पाय मोकळे करायला बरोबर गेले. घराघरांत दिवा, दिव्याखाली मान घातलेली पोरं, ओट्यावर बसलेल्या बाया. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. वहिनींच्या घराला लागूनच असलेल्या घराच्या खिडकीला आतून चादर लावलेली होती आणि चादरीच्या कडेने निळा उजेड हलत होता. वहिनींनी कपाळावर हात मारला.

"आक्का! दार उगडा!"

दार उघडलं एका सत्तरीच्या बाईंनी. या मालनआक्का, त्या घरात एकट्या राहतात. मागे टीव्ही चालू, पण आवाज नाही. पडद्यावर एक सासू आणि एक सून मुक्याने भांडत होत्या.

"काय हाय?" आक्का म्हणाल्या. "आवाज बंद केलाय की! तुमचा नेम आवाजाचा हाय नव्हं?"

"आवं आक्का, नेम टीव्हीचा हाय."

"मग माझ्या घरात कोन हाय शिकाया? पोरगा तिकडं आसामात, सून-नातवंडं त्याच्यासंगं क्वार्टरला. मी काय आता धाव्वीची परीक्षा देऊ?" चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तसं चाललं होतं. पण वहिनी हलल्या नाहीत तेव्हा आक्कांनी आत जाऊन टीव्ही बंद केला. मग बाहेर येऊन माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या कोन?"

"पाव्हण्या हायत. त्यांचा बी आत्ताच बंद केला."

आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. "तुमी बी सापडला व्हय?" त्या म्हणाल्या. "मग चला, बसू वाईच जरा."

अशी आमची ओळख झाली. दोन्ही गुन्हेगार वहिनींच्या ओट्यावर येऊन बसले.

मला गप्पा नको होत्या. पण हळूहळू आणखी दोघी-तिघी आल्या. टीव्ही बंद, काम आवरलेलं, आणि गावात पुण्याहून कोणीतरी आलेलं, मग काय! मी शोधत होते ती गप्प राहण्याची वेळ हीच नेमकी या बायकांची बोलायची वेळ होती. पुस्तक लिहिता म्हणजे काय करता, खरं लिहिता का खोटं, नवरा काही म्हणत नाही का. मी उत्तरं देऊन देऊन दमले. साडेआठला भोंगा झाल्याबरोबर सगळ्या अशा उठल्या की ओटा एका क्षणात रिकामा, आणि गल्लीभर टीव्ही पुन्हा बोलायला लागले. जेवणात ज्वारीची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. भूक लागली होती हेही मला पहिल्या घासाला कळलं.

दुसऱ्या दिवशी आक्का भोंग्याच्या आधीच आल्या, सुपात पावट्याच्या शेंगा घेऊन. भोंगा झाला तरी बाकीच्या अजून यायच्या होत्या. मी सुपातल्या शेंगा घेऊन त्यांच्याबरोबर सोलायला लागले.

"मालिका चुकली असेल तुमची," मी म्हटलं.

"चुकंना का. तेच ते असतं." त्यांनी मूठभर शेंगा पुढे ओढल्या. "मालिकेचं न्हाई ओ ताई. टीव्ही बंद केला ना, की घर मोटं हुतं. दिसभर काय वाटत न्हाई. ह्या येळंला माझं मलाच ऐकू याया लागतं. मग भ्या वाटतं. कशाचं ते इचारू नका, मलाच म्हाईत न्हाई."

कोयनेच्या काठावर मी दोनदा उठून मागे पाहिलं होतं ते मला आठवलं. आणि पुण्यातलं घर आठवलं. सासूबाई गेल्या, मुलं गेली, टेबल तेच राहिलं. चार वर्षं मी खिडकीबाहेरच्या ड्रिलला शिव्या देत होते, पण खिडकीच्या आत काय होतं त्याच्याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. मला आवाज नको होता हे खोटंच होतं. मला भीती वाटायची ती घर शांत झाल्याची.

मी आक्कांना हे सगळं सांगितलं. नवऱ्याला, शैलाला, कोणालाच सांगितलं नव्हतं. नर्सचंही सांगितलं. ती दारात उभी आहे आणि आत जात नाही, आता मीही प्रयत्न सोडून दिलाय, असं सांगितलं.

"का जाईना ती आत?" आक्कांनी विचारलं.

"आत गेल्यावर तिने काय करायचं, तेच मला सुचत नाही."

आक्कांना त्यात फारसा रस वाटला नाही. त्यांनी सूप पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "मग लिवा की. आता बसलाच हाय तर."

"लॅपटॉप बंद आहे ना. तुमचा नेम."

"कागद न्हाईत व्हय गावात?" त्यांनी आत हाक मारली. वहिनींच्या नातीने वहीतली चार पानं फाडून आणून दिली आणि एक पेन. तेवढ्यात बाकीच्या बाया येताना दिसल्या. मला वाटलं, संपलं. पण आक्कांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना लांबूनच दटावलं, "गप ऱ्हावा गं. ताई लिवाया बसल्यात."

त्या आल्या आणि बसल्या. एकीने शेंगांची मूठ उचलली, दुसरीने मांडीवरचं पोर थोपटायला घेतलं. कोणी बोललं नाही. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं, पण उठूनही कोणी गेलं नाही. आत नात काहीतरी पुटपुटत पाठ करत होती. शेंगा तटतट फुटत होत्या. कानातली शिट्टी नव्हती, हाक नव्हती, मागे वळून बघावंसं वाटलं नाही. मागे माणसंच होती.

मी हाताने लिहून किती वर्षं झाली होती कोण जाणे. अक्षर वाकडं यायला लागलं. नर्स वॉर्डात गेली. गेली म्हणजे अगदी सहज गेली, जणू मी उगीच तिला अडवून धरलं होतं. कोपऱ्यातल्या खाटेजवळ तिने स्टूल ओढलं आणि बसली. पेशंट जागा होता. ती काही बोलली नाही, त्याला काही विचारलं नाही. नुसती बसली.

भोंगा झाला तेव्हा मी चौथ्या पानाच्या मागच्या बाजूला होते. बाया उठल्या, लुगडी झटकली, निघाल्या. आक्का तेवढ्या बसून राहिल्या.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं राहिलंय."

"मग बसते." गल्लीत सगळीकडे टीव्ही सुरू झाले होते, त्यांच्या साडेआठच्या मालिकेचं गाणंही लागलेलं ऐकू येत होतं. त्या शेंगांच्या साली गोळा करत बसल्या, आणि माझं पान संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मी तिथे आठवडाभर राहिले. रोज काही लिहिलं असं नाही. एक दिवस बायांनी गप्पाच मारल्या आणि एक दिवस आक्कांचं गुडघेदुखीचं पुराण ऐकण्यात गेला. निघताना वहिनींनी शेंगदाण्यांची पिशवी दिली, आबांनी "परत या" म्हटलं. आक्कांनी माझा नंबर मोबाईलमध्ये वहिनींच्या नातीकडून घालून घेतला. लॅपटॉप मात्र मी गावात पुन्हा उघडला नाही.

परत

घरी आले तेव्हा ड्रिल चालू होतं. नवऱ्याने विचारलं, "जमलं का?" मी म्हटलं, "सुरुवात झाली." तो "बरं" म्हणाला. मग मोबाईल बाजूला ठेवत म्हणाला, "मला वाटलं होतं तू आल्यावर सगळं पुसून टाकणार. मी ऐकलं होतं तेव्हा." मला माहीतच नव्हतं की तो ऐकत होता.

पण हे एवढ्यावर गोड करून संपवता येत नाही. आठवड्याभरात पुन्हा तेच. नर्स स्टुलावर बसली ती बसलीच. मी टेबलाशी बसायचे आणि उठायचे. सात वाजले की मीही आमच्याकडचा टीव्ही बंद करून पाहिला, तर वरच्या मजल्यावरचा ऐकू यायला लागला. परवा तर इतकी थकले होते की ते वहीतले कागद कपाटात टाकायला उठले.

तेवढ्यात फोन वाजला. मालनआक्का.

"साडेआठचा भोंगा झाला आत्ताच, म्हनून केला," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे गल्लीतले टीव्ही ऐकू येत होते. "लिवलं का आज?"

"नाही हो आक्का. नाही जमत. इथे फार आवाज आहे."

मी हे म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली. आक्का म्हणाल्या, "कोन हाय का तुमच्यापाशी बसाया?"

नवरा बाहेर गेला होता. मी म्हटलं, "आत्ता कोणी नाही."

"मग आसं करा. फोन तसाच ऱ्हाऊ द्या टेबलावर. बोलायचं न्हाई. मी हितं टीव्ही लावत न्हाई, शेंगा निवडत बसते. तुमी लिवा."

"आणि तुमची मालिका?"

"ऱ्हाऊ द्या ओ. तुमी बसा आदी."

मी फोन टेबलावर ठेवला. समोर कामावर काँक्रीटचा ट्रक आला होता, मागच्या कार्यालयात बँड वाजत होता. आणि फोनमधून, अगदी बारीक, शेंग फुटल्याचा आवाज येत होता. मी पेन घेतलं.

नर्स अजून बसलेलीच होती. पेशंटने कूस बदलली आणि तिच्याशी बोलायला सुरुवात केली.